मोठ्या वयात पुन्हा कॉलेज: कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमधून युनिव्हर्सिटीत कसं जायचं

कम्युनिटी कॉलेजचा विषय निघाला की आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तिथे कोणालाही घेतात ना?" हो, घेतात. अठरा पूर्ण झालेल्या कोणालाही, मार्कशीट न बघता. त्यात कमीपणा काही नाही. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्चशिक्षणाचा मास्टर प्लॅन केला, तेव्हाच ही वाट मुद्दाम आखली गेली. पहिली दोन वर्षं घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात काढायची, उरलेली दोन युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया म्हणजे यूसीत किंवा कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे सीएसयूत. या बदलालाच ट्रान्सफर म्हणतात. पदवीवर नाव येतं ते युनिव्हर्सिटीचंच. राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि संध्याकाळच्या किंवा ऑनलाइन क्लासला चाळिशी-पन्नाशीचं कोणी दिसलं तर तिथे कोणाला नवल वाटत नाही.

तेव्हा आत शिरणं सोपं आहे. अवघड आहे ते योग्य विषय घेऊन, योग्य वेळी बाहेर पडणं. एकोणिसाव्या वर्षी दोन क्लास वाया गेले तर बिघडत नाही. नोकरी, मुलं आणि भारतातले आईवडील सांभाळून शिकणाऱ्याचं एक सेमिस्टर वाया गेलं तर पुष्कळदा सगळं शिक्षणच तिथे थांबतं. म्हणून शेवटाकडून सुरुवातीकडे आखा. कुठल्या युनिव्हर्सिटीत, कुठल्या विषयात जायचं ते आधी ठरवा आणि पहिला क्लास त्यानंतर निवडा. उदाहरणं मी बे एरियातली, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासची, देतोय, कारण आपली वस्ती इथे दाट आहे. नियम मात्र बहुतेक राज्यभर तेच आहेत.

आधी बघा: तुम्हाला ट्रान्सफर हवंय का?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि मग दोन वर्षांनी डोक्याला हात लावून बसतात.

तुमचं शिक्षण बारावी, डिप्लोमा किंवा अर्धवट सोडलेल्या पदवीपर्यंत असेल, तर ही वाट सरळ तुमच्यासाठी आहे. इथल्याच शाळेत शिकून कॉलेज सोडलेलं असेल तरीही.

पण तुमच्याकडे पुण्याची बी.कॉम. किंवा मुंबईची बी.एस्सी. असेल, तर थांबा. एकदा पदवी झालेल्या माणसाला दुसरी बॅचलर्स करायला यूसी सहसा घेत नाही. सीएसयूतही दुसऱ्या पदवीचा दरवाजा काही ठरावीक विषयांपुरताच आणि काही कॅम्पसपुरताच किलकिला असतो. तीन वर्षांची भारतीय पदवी इथल्या चार वर्षांच्या पदवीबरोबरीची धरायची की नाही, हे मूल्यमापन करणाऱ्या संस्थेवर आणि युनिव्हर्सिटीवर अवलंबून असतं. म्हणून आधी मूल्यमापन करून घ्या, मग आराखडा करा.

पदवीधरांसाठी कम्युनिटी कॉलेजचा उपयोग बऱ्याचदा वेगळाच असतो: मास्टर्सला लागणारे राहून गेलेले विषय पुरे करणं, अकाउंटिंगचे क्लास घेणं, किंवा प्रीस्कूलमध्ये शिकवण्यासाठी बालशिक्षणाची युनिट्स मिळवणं. परवानाधारक खाजगी प्रीस्कूलमध्ये शिक्षिका व्हायला साधारण १२ युनिट्स लागतात, म्हणजे चार क्लास. आपल्या कितीतरी जणी याच मार्गाने इथे पहिल्या नोकरीला लागतात. एम.ए. झालेल्या बाईने पुन्हा फ्रेशमन इंग्लिशपासून सुरुवात करून दुसऱ्या बी.ए.च्या मागे लागणं मला तरी पटत नाही. ज्याला हौस आहे त्याने जरूर करावं, पण हौस आणि गरज यांचा हिशेब वेगळा मांडावा.

व्हिसा आणि रहिवास

एच-४ वर, म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असलात तर व्हिसा न बदलता शिकता येतं, अर्धवेळही आणि पूर्णवेळही. फक्त शिकण्यासाठी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यायची गरज नाही. शिकता येतं म्हणजे काम करता येतं असं मात्र नाही. कॅम्पसमधल्या ग्रंथालयातली चार तासांची नोकरीसुद्धा वर्क परमिटशिवाय चालत नाही, आणि एच-४ वाल्यांना ते परमिट सहसा जोडीदाराची आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेली याचिका, मंजूर झाल्यावरच मिळतं. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना व्हिजिटर व्हिसावर क्रेडिटचा क्लास लावून देण्याचा उत्साह आवरा.

फी ठरते ती रहिवासावरून. कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहिलात आणि इथेच राहायचा इरादा कागदोपत्री दाखवता आला, तर तुम्ही रहिवासी. ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचा टॅक्स रिटर्न, घरभाड्याचा करार हे पुरावे चालतात. इथे एच-४ वाल्यांचाही रहिवास धरतात, एफ-१ वाल्यांचा नाही. रहिवाशाला दर युनिटला ४६ डॉलर पडतात. क्वार्टरवर, म्हणजे तिमाही सत्रांवर, चालणाऱ्या कॉलेजांत हाच दर ३१ डॉलर आहे, कारण क्वार्टरचं युनिट लहान असतं. ट्रान्सफरसाठी ६० सेमिस्टर युनिट्स लागतात, म्हणजे क्लासची फी सगळी मिळून २,७६० डॉलर. आरोग्य फी, पार्किंग, पुस्तकं वेगळी. रहिवास सिद्ध नसेल तर दर कितीतरी पट होतो. म्हणून नुकतेच टेक्सास किंवा न्यू जर्सीहून आला असाल तर वर्ष भरेपर्यंत थांबणं शहाणपणाचं. तेवढ्या काळात पुढच्या भागातलं काम उरका.

भारतातली कागदपत्रं

सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम हे आहे आणि नेमकं हेच सगळे शेवटी काढतात.

अर्धवट सोडलेलं एफ.वाय. असो की नापास झालेलं सेमिस्टर, आधीचं सगळं शिक्षण दाखवावं लागतं. "ते नको दाखवूया, मार्क कमी आहेत" हा सल्ला घरचं वडीलधारं माणूस प्रेमाने देतं. तो ऐकू नका. यूसीच्या अर्जात जगातल्या कुठल्याही कॉलेजात घेतलेला प्रवेश लिहिणं बंधनकारक आहे आणि लपवलेलं उघडकीस आलं तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो.

भारतातल्या युनिव्हर्सिटीकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि गुणांचा अधिकृत उतारा, मागवा. घरातल्या मार्कशीटच्या झेरॉक्स पुरत नाहीत. बहुतेक मूल्यमापन संस्थांना ती युनिव्हर्सिटीकडून थेट किंवा सीलबंद पाकिटातूनच लागते. कम्युनिटी कॉलेज कुठल्या संस्थेचं मूल्यमापन मान्य करतं, हे त्याच्या वेबसाइटवर बघा. साधारणपणे नेसेस या संघटनेच्या सदस्य संस्था चालतात, डब्ल्यूईएस त्यांतलीच एक. अहवाल विषयवार मागवा. नुसतं "पदवी समकक्ष" लिहिलेला अहवाल ट्रान्सफरच्या कामाला येत नाही.

आता आपल्याकडचे दोन खास घोळ. पहिला नावाचा. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम. त्यात लग्नानंतर काही जणींचं नाव, मधलं नाव आणि आडनाव तिन्ही बदललेली. इथल्या संगणकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला आणि असेल तर गॅझेटची प्रत स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येक अर्जात "आधीचं नाव" हा रकाना भरा. कॉलेजचा अर्ज पासपोर्टवरच्या नावानेच करा.

दुसरा घोळ युनिव्हर्सिटीच्या नावाचा. तुमच्या मार्कशीटवर पुणे विद्यापीठ आहे, पण २०१४ पासून ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींच्या नावाने झालं. ऑनलाइन अर्जात जुनं नाव सापडलं नाही की माणसं "इतर" निवडून मोकळी होतात आणि मग फाइल अडते. नवं नाव निवडा आणि टिपणीच्या जागी जुनं लिहा.

एवढं करून तुमचं भारतातलं शिक्षण किती कामाला येईल? अपेक्षा माफक ठेवा. सामान्य शिक्षणाची, म्हणजे मुख्य विषयाखेरीज सगळ्यांना लागणाऱ्या विषयांची, जी कॅल-गेटसी नावाची यादी आहे, तिच्यात भारतीय कॉलेजातले विषय साधारणपणे धरत नाहीत. मुख्य विषयातल्या काही क्लासना युनिव्हर्सिटी श्रेय देऊ शकते, पण ते प्रवेशानंतर त्यांच्या मर्जीने. एका ठिकाणी मात्र आपल्याला फायदा होऊ शकतो: काही कॅम्पसवर पदवीसाठी परभाषेची अट असते आणि सहावीनंतर मराठी माध्यमात शिकलेल्यांची ती अट शाळेच्या कागदांवर भागू शकते. जिल्हा परिषदेच्या शाळेचा दाखला अशा एखाद्या कॅम्पसला उपयोगी पडला तर नवल वाटून घेऊ नका. तिथल्या ऑफिसला तसं विचारा.

उलटं आखणं: असिस्ट

असिस्ट डॉट ऑर्ग ही राज्याची अधिकृत साइट. तिच्यावर तीन गोष्टी निवडायच्या: तुमचं कम्युनिटी कॉलेज, जिथे जायचं ती युनिव्हर्सिटी आणि विषय. लगेच एक तक्ता येतो. युनिव्हर्सिटीच्या कुठल्या क्लासऐवजी तुमच्या कॉलेजातला कुठला क्लास चालतो, हे त्यात समोरासमोर असतं. ओळखीच्यांचे सल्ले आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यांच्यापेक्षा या तक्त्यावर विश्वास ठेवा.

तीन-चार युनिव्हर्सिट्यांचे तक्ते काढून शेजारी शेजारी ठेवा. सगळीकडे लागणारे क्लास आधी, एकाच ठिकाणी लागणारे शेवटी. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, गणित, काहीही घ्या, गणिताची आणि विज्ञानाची साखळीच सगळ्यात लांब निघते. कॅल्क्युलसच्या आधी प्रीकॅल्क्युलस लागणार असेल तर तिथेच एक सेमिस्टर जातं. पहिल्या सेमिस्टरपासून गणित सुरू करा. "आधी सोपे विषय संपवते, गणिताचं मग बघू" म्हणणाऱ्यांचं ट्रान्सफर एक वर्ष पुढे गेलंच म्हणून समजा, कारण युनिव्हर्सिटीला गणित आणि इंग्लिश प्रवेशाच्या आधीच्या वसंत (स्प्रिंग) सेमिस्टरपर्यंत झालेलं लागतं.

सामान्य शिक्षणासाठी २०२५ च्या शरद (फॉल) सत्रापासून यूसी आणि सीएसयू दोघांना मिळून एकच यादी आहे, तीच कॅल-गेटसी: ११ क्लास, ३४ सेमिस्टर युनिट्स. त्यात इंग्लिश लेखन, तर्कशुद्ध लेखन, भाषण, गणित, कला, समाजशास्त्रं, प्रयोगशाळेसह विज्ञान आणि एथ्निक स्टडीज येतं. शेवटचा विषय आपल्याला अनोळखी. अमेरिकेतल्या मूलनिवासी, कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई समाजांचा तो अभ्यास, आणि इथे राहून आपण ज्या गोष्टींवर नुसती मतं देत असतो त्या तिथे नीट कळतात. जुन्या लेखांत आयगेटसी असं नाव दिसलं तर ती या यादीची आधीची आवृत्ती समजा. क्लासचे क्रमांकही बदलताहेत: पहिल्या इंग्लिशचा क्रमांक आता सगळीकडे सी१००० होतोय.

इंजिनीअरिंग किंवा विज्ञान असेल तर आधी मुख्य विषयाची तयारी पुरी करा, कॅल-गेटसी मागे राहिलं तरी चालतं. कला-वाणिज्य शाखांसाठी ती यादी पुरी करणं सोयीचं.

आणखी एक गोष्ट. कूपर्टिनोचं डी अँझा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल क्वार्टरवर चालतात, तर फ्रीमाँटचं ओलोनी आणि सांता क्लाराचं मिशन सेमिस्टरवर. दोन प्रकारच्या कॉलेजांत क्लास घेता येतात, पण गणिताची किंवा केमिस्ट्रीची एकच साखळी अर्धी इथे आणि अर्धी तिथे करू नका, मधला भाग गळतो. क्वार्टरचा वेग जास्त, बारा आठवड्यांत सगळं संपतं. शिवाय हिवाळी क्वार्टर जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच सुरू होतं. सेमिस्टरवाल्यांना सहसा जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत सुट्टी असते. डिसेंबरमध्ये भारतात जायची ज्यांची पद्धत आहे, त्यांनी कॉलेज निवडताना हे जरूर बघावं. पहिल्या आठवड्यात वर्गात न दिसलेल्याचं नाव शिक्षक कापू शकतात.

प्रवेश आणि काउन्सेलर

अर्ज सीसीसीअप्लाय या साइटवर करायचा, फुकट आहे. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी अर्ज जातो. मग ओरिएंटेशन, गणित-इंग्लिशची पातळी ठरवणं आणि काउन्सेलरबरोबर शैक्षणिक आराखडा. हे तिन्ही पुरं केलं की नोंदणीची तारीख लवकरची मिळते, आणि संध्याकाळचे क्लास भराभर भरत असल्याने तिचं मोल मोठं आहे. पूर्वीसारखी प्लेसमेंटची परीक्षा आता नसते. इथलं हायस्कूल न केलेल्यांना स्वतःच प्रश्नावली भरून पातळी निवडायची असते आणि थेट ट्रान्सफरच्या दर्जाचा क्लास घेता येतो. इंग्लिशची भीती वाटत असेल तर त्याच क्लासबरोबर जोडून मिळणारा मदतीचा क्लास घ्या.

काउन्सेलरकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. असिस्टचे तक्ते आणि मूल्यमापनाचा अहवाल घेऊन जा, आणि "मी काय करू?" असं न विचारता "माझ्या या आराखड्यात काय चुकतंय?" असं विचारा. अर्ध्या तासाच्या भेटीत फरक पडतो. सांगितलेलं ईमेलने पक्कं करून घ्या. दर सेमिस्टरला एकदा भेटा.

किती क्लास घ्यायचे

एका युनिटला आठवड्याला साधारण तीन तास, वर्गातला एक आणि घरचे दोन. १२ युनिट्सचा पूर्णवेळ विद्यार्थी म्हणजे ३६ तास, दुसरी नोकरीच. पहिल्या सेमिस्टरला दोन क्लास पुरे. नंतर दर सेमिस्टरला ९ आणि उन्हाळ्यात ६ धरली तर वर्षाला २४ होतात. २०२६ च्या शरद सत्रात सुरुवात केली तर २०२९ च्या वसंतापर्यंत ६० सहज भरतात आणि त्या शरदात युनिव्हर्सिटी.

भारतातून अचानक फोन आला, जावं लागलं, तर क्लास तसाच सोडून विमानात बसू नका. सुरुवातीच्या मुदतीत सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर नोंदच होत नाही. नंतरच्या मुदतीपर्यंत सोडला तर डब्ल्यू (विथड्रॉ) लागतो, त्याने जीपीए म्हणजे गुणांची सरासरी बिघडत नाही. काहीच न कळवता गेलात तर एफ. दोन्ही मुदती पहिल्याच दिवशी कॅलेंडरमध्ये टाका.

शिक्षकांचे ऑफिस अवर्स वापरा. "सर, त्रास देतोय" या भावनेने आपली मोठी माणसं जात नाहीत. तो वेळ त्यांनी तुमच्यासाठीच ठेवलेला असतो आणि ते स्वतःला पहिल्या नावाने हाक मारायला सांगतील. क्लासच्या यादीत शून्य पुस्तक खर्चाचं चिन्ह असतं, असे क्लास निवडले तर पुस्तकांचे पैसे वाचतात.

पैसे

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर फाफ्सा हा केंद्राच्या आर्थिक मदतीचा अर्ज भरा. वय २४ पूर्ण किंवा लग्न झालेलं असेल तर आईवडिलांचं उत्पन्न विचारत नाहीत, तुमचं आणि जोडीदाराचंच बघतात. २०२५-२६ साठी पेल ग्रँट या केंद्राच्या अनुदानाची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर आहे. पण पदवी झालेल्याला, ती भारतातली असली तरी, पेल मिळत नाही. एच-४ वाल्यांना केंद्राची मदत नाही. राज्याच्या प्रॉमिस ग्रँटमध्ये गरजू रहिवाशाची युनिटची फी माफ होते. टॅक्समध्येही शिक्षणाची सवलत आहे, पण जोडप्याचं उत्पन्न १,८०,००० डॉलरच्या वर गेलं की ती संपते, त्यामुळे दोघेही टेकमध्ये असतील तर तिच्या भरवशावर राहू नका.

अर्जाचं वर्ष

यूसीला किमान जीपीए २.४ आणि सीएसयूला २.० लागतो. तो नुसता अर्ज करण्यापुरता, गर्दीच्या विषयांना प्रत्यक्षात बराच जास्त लागतो. हमी हवी असेल तर दोन मार्ग आहेत. यूसीचे डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांताक्रूझ हे सहा कॅम्पस टॅग नावाची प्रवेशहमी देतात. अर्ज सप्टेंबरमध्ये आणि एकाच कॅम्पसला. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. कॉम्प्युटर सायन्ससारख्या विषयांना हमी देणाऱ्यांतही पुष्कळ ठिकाणी ती नाही. दुसरा मार्ग ट्रान्सफरसाठीच्या असोसिएट डिग्रीचा, म्हणजे कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या पदवीचा, २०१० च्या कायद्याने आलेला. त्यात सीएसयूच्या कुठल्यातरी कॅम्पसमध्ये जागा नक्की मिळते, पण ती सॅन होजेतच मिळेल असं नाही. घर सोडून जाता येणार नसेल तर हा फरक नीट समजून घ्या.

मुख्य अर्ज दोन्हीकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घेतात. सीएसयूला सहसा निबंध नाही. यूसीला चार उत्तरं लिहायची, प्रत्येकी ३५० शब्दांत: एक सक्तीचं, मुख्य विषयाच्या तयारीबद्दल, आणि सातांतली तीन आवडीची. शिफारसपत्रं लागत नाहीत. इथे आपली माणसं मधली पंधरा वर्षं "घरीच होते" या दोन शब्दांत गुंडाळतात. तसं करू नका. मराठी शाळेत दर रविवारी शिकवलंत, मंडळाच्या गणेशोत्सवाचे हिशेब ठेवलेत, सासऱ्यांचं आजारपण आणि विम्याची भांडणं निस्तरलीत, हे सगळं त्या अर्जात बसतं. काय केलंत, किती काळ, त्यातून काय शिकलात, ते साध्या वाक्यांत लिहा. देशांतर सोसल्याचं करुण वर्णन नको, वाचणाऱ्याने त्या दिवशी तसली बरीच वाचलेली असतात.

जानेवारीत यूसी शरद सत्राचे गुण आणि वसंतातले क्लास पुन्हा भरून मागते. ईमेल स्पॅममध्ये गेला म्हणून हे राहून जातं, ३१ जानेवारीच्या आधी स्वतःहून लॉगिन करून बघा. निकाल बहुतेक मार्च-एप्रिलमध्ये, होकार कळवायची मुदत १ जून.

होकार दिल्यावर वसंताचे क्लास सोडू नका आणि त्यांत डी येऊ देऊ नका, प्रवेश त्यावर अवलंबून असतो. बदल करावाच लागला तर युनिव्हर्सिटीला आधी कळवा. अंतिम ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत पोचायला हव्यात, जिथे जिथे शिकलात त्या प्रत्येक कॉलेजच्या, म्हणजे भारतातल्यासुद्धा. आपल्याकडे मे-जूनमध्ये परीक्षा विभाग निकालांच्या गर्दीत असतो. तिथली ट्रान्सक्रिप्ट फेब्रुवारीतच मागवा आणि जमलं तर कोणाला तरी प्रत्यक्ष खिडकीवर पाठवा.